सांध्यावरचा अंगठा

मी घरात आलो की पंखा बंद होतो. कुणीही लावलेला असो, माझा हात आपोआप बटणाकडं जातो. मग बायको ओरडते, सून नुसती बघते, मी पंखा परत लावतो आणि त्याच्याखाली बसून चुळबुळ करत राहतो. धंदा सोडून बरीच वर्षं झाली, तरी वाऱ्याची धास्ती काही जात नाही. ज्या मालावर मी पोट भरलं तो माल माणसाच्या श्वासानंसुद्धा उडायचा. सोन्याचा वर्ख. गाड्यांवर सोन्याची रेघ मारणं हा माझा धंदा होता.

हे सांगितलं की लोकांना वाटतं मी सोनेरी रंगाबद्दल बोलतोय. सोनेरी रंग डब्यात मिळतो, कुणीही फासावा, दोन पावसाळ्यांत तो हिरवट-काळा पडतो. मी लावायचो ते खरं सोनं, ठोकून ठोकून इतकं पातळ केलेलं की उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसावं. गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाकडं त्याच्या गड्ड्या यायच्या. दोन कागदांच्या मधे एक पान. नव्वदच्या दशकात आमच्या कोल्हापुरात बुलेट, जीप, नवा कोरा ट्रॅक्टर, असं काही घरात आलं की हौशी माणूस ते आधी देवीला नेऊन आणायचा आणि मग माझ्याकडं.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागं माझी पत्र्याची शेड होती. तिला तिन्ही बाजूंनी गोणपाटाचे पडदे. गाडी आत घ्यायची, पडदे खाली सोडायचे, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारायचं, आणि कामाला लागायचं. आधी रेघ मारायची ती सोन्याची नसते, चिकटाची असते. जवसाचं तेल आणि वॉर्निश यांचा एक काढा माझ्या वस्तादांनी मला शिकवला होता, त्याला आम्ही नुसतं ‘चिकट’ म्हणायचो. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, केस बोटाएवढे लांब. तो चिकटात बुडवायचा, करंगळी पत्र्यावर टेकवायची आणि हात न हलवता आपण चालायचं. हो, हात स्थिर आणि माणूस चालता. पुढच्या मडगार्डपासून निघालेली रेघ गाडीला वळसा घालून परत निघाल्या जागी आली पाहिजे.

मग थांबायचं. इथंच माझा जीव जायचा. चिकट ओलं असताना सोनं लावलं तर ते बुडतं आणि निस्तेज होतं, वाळल्यावर लावलं तर धरत नाही. मधली एक वेळ असते. ती घड्याळात बघून कळत नाही, हवेवर ठरते. बोटाचं पेर उलटं टेकवून बघायचं. बोटाला लागलं तर अजून ओलं. काहीच जाणवलं नाही तर चिकट मेलं. बारीक ‘टक्’ असा आवाज आला की ते सोनं मागतंय. मग रुंद चपटा ब्रश स्वतःच्या गालावर एकदा फिरवायचा, गालाच्या तेलानं तो वर्ख उचलतो, आणि पान अलगद रेघेवर सोडायचं. कापसानं दाबायचं. जिथं चिकट तिथंच सोनं राहतं, बाकीचं झटकलं की रेघ सुरीनं कापल्यासारखी निघते. वर वॉर्निशचा हात. झालं.

मी जात्याच अस्वस्थ माणूस. वस्ताद म्हणायचे, ‘‘तुझ्या पायाला भिंगरी, आणि धंदा धरलास वाट बघायचा.’’ चिकट तयार होईपर्यंत मी पेठेत फेऱ्या मारायचो. तालमीपर्यंत, तिथून चहाच्या गाड्यापर्यंत, परत शेडमध्ये, बोट टेकवलं, अजून नाही, पुन्हा तालमीपर्यंत. पेठेतली माणसं विचारायची, ‘‘पेंटर, काय हरवलंय काय?’’

गिऱ्हाइकं तर माझ्याहून उतावीळ असायची. एका पैलवानाची बुलेट होती. त्याला सांगून ठेवलेलं की सोनं लावताना आत यायचं नाही. तो आला. आला तो आला, वाकून बघायला लागला, आणि त्याला शिंक आली. पैलवानाची शिंक ती. हातातलं पान उडालं ते सरळ त्याच्या मिशीवर बसलं. मी पुसायला गेलो तर म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे की! आज रंकाळ्यावर अशीच घिऊन जातो.’’ आणि खरंच गेला. पुढं कितीतरी दिवस पोरं त्याला बघून मिशीवरनं हात फिरवायची.

दुसरे एक गृहस्थ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना काढून बसलेले. नवी मोटार घेऊन आले आणि मला विचारतात, ‘‘ह्याची गॅरंटी किती?’’ मी म्हटलं, ‘‘गाडी गंजंल, रेघ ऱ्हाईल.’’ त्यांना वाटलं मी त्यांच्या नव्या गाडीला शाप दिला. तोंड फिरवून गेले. तोपर्यंत समोरच्या कोपऱ्यावर रेडियमचं दुकान निघालं होतं. रेडियम म्हणजे चिकटपट्टीचे स्टिकर, आमच्याकडं सगळे त्यालाच रेडियम म्हणतात. तिथं पाच मिनिटांत सोनेरी पट्टी चिकटवून मिळायची. ते गृहस्थ माझ्या डोळ्यांदेखत तिथं जाऊन पट्टी मारून आले आणि जाताना मला हॉर्न वाजवून दाखवला. राग आला. अजूनही येतो.

पण आज मला त्यांच्याबद्दल लिहायचं नाही. एका जीपबद्दल लिहायचं आहे. ती डोक्यातून जात नाही.

त्याआधी आमच्या कामातली एक रीत सांगितली पाहिजे. रेघ गाडीला वळसा घालून जिथं परत मिळते त्या जागेला आम्ही सांधा म्हणायचो. सांधा नेहमी बॉनेटच्या डाव्या अंगाला, हात पोचेल असा. तिथं अंगठ्याएवढी जागा मी सोन्याविना ठेवायचो. गाडी न्यायला मालक आला की त्या जागेवर पान ठेवायचं आणि मालकानं स्वतःच्या अंगठ्यानं ते दाबायचं. मग वर वॉर्निश. उन्हात तिरकं बघितलं तर सोन्यात अंगठ्याच्या रेषा दिसायच्या. ही रीत वस्तादांची. ते म्हणायचे की मालकाचा हात लागल्याशिवाय रेघ पुरी होत नाही. मला त्यातला दुसरा फायदा लवकरच कळला. सांध्यावर स्वतःचा अंगठा असला की कुणी कामाची तक्रार घेऊन येत नाही.

तर, शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावाहून आप्पा पाटील जीप घेऊन आले. उसाची चांगली शेती, मळ्यात गडीमाणसं, मोठं घर. दुधाच्या साईच्या रंगाची नवी जीप होती. ती चालवत आला होता सुखदेव कांबळे, त्यांचा ड्रायव्हर. तेव्हा पंचविशीचा असेल. गाडीतून उतरल्यावर त्यानं दार इतकं हळू लावलं की मला तो लगेच आवडला. गाडी स्वतःची नसताना दार हळू लावणारी माणसं कमी असतात.

काम झालं, दोघं न्यायला आले. मी सांध्यावर पान ठेवलं आणि आप्पांना म्हटलं, ‘‘लावा अंगठा.’’ आप्पांनी अंगठा पुढं केला, मग थांबले. मागं वळून म्हणाले, ‘‘सुखदेव, तू लाव.’’

‘‘आप्पा, मी कशाला? गाडी तुमची.’’

‘‘चालवणार कोण? मी नुसता शेजारी बसणार. हात तुझा असणार गाडीवर. लाव म्हणतोय न्हवं!’’

सुखदेवनं अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा पुसला आणि दाबला. त्यानं श्वास कोंडून धरला होता. माझ्या सगळ्या वर्षांत मालकानं ड्रायव्हरला अंगठा लावायला सांगितलेलं ते एकदाच. पाटलानं कांबळ्याला सांगितलं, हेही माझ्या मनात आलं. उगाच कशाला खोटं बोलू. मला आप्पा फार मोठ्या मनाचे वाटले. मी त्या दोघांना माझ्या खर्चानं चहा पाजला, जे मी कधी करत नसे.

मग वर्षं गेली. जीप अधूनमधून दिसायची. एकदा सुखदेव काही कामानं आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला की दसऱ्याला पाटलीणकाकी गाडीची पूजा करतात तेव्हा सांध्यावरच्या त्या अंगठ्याला हळद-कुंकू लावतात. घरात सगळ्यांना तो अंगठा आप्पांचा वाटतो.

‘‘आणि आप्पा?’’ मी विचारलं.

‘‘आप्पा मागं उभं असत्यात. गप.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी बी मागंच. आप्पा बोललं न्हाईत तर मी कसं बोलू?’’ एवढं सांगून तो दुसऱ्याच गोष्टीवर गेला.

पुढं आप्पा वारले. त्यांचा मुलगा विजय, त्यानं नवी मोटार घेतली आणि जुनी जीप सुखदेवला विकून टाकली. सुखदेव वडाप करायला लागला. वडाप म्हणजे रस्त्यात हात करील त्या माणसाला कोंबून नेणारी जीप, कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. माझ्याकडं तेव्हा रेघेची कामं जवळजवळ येतच नव्हती. मी पण पोटासाठी रेडियम कापायला शिकलो होतो आणि दिवसभर ‘आईचा आशीर्वाद’ कापत बसायचो.

अशात मार्चच्या शेवटी सुखदेव जीप घेऊन दारात.

‘‘पेंटर, निळी करायची. आन् सोन्याची रेघ पायजे, पहिल्यासारखी. जयंतीच्या मिरवणुकीत म्होरं हीच गाडी ऱ्हाणार हाय, तसबीर हिच्यावर बसणार. गावात पहिल्यांदा आमच्यातल्या मानसाची स्वताची गाडी.’’

‘‘अंगठा कोणाचा? तुझाच?’’

‘‘आईचा,’’ तो म्हणाला. ‘‘हौसाबाईचा. तिनं पाटलाच्याच मळ्यात जलम काढला. गाडीवर तिचा हात पायजे.’’

मी आनंदानं कामाला लागलो. पूर्ण गाडी पाणीपेपरनं घासायची, जुना रंग काढायचा. घासत घासत मी बॉनेटच्या डाव्या अंगाला आलो आणि हात थांबला. सांधा. वॉर्निश पिवळट पडलं होतं, पण खाली सोनं कालच लावल्यासारखं होतं, आणि त्यात सुखदेवच्या अंगठ्याच्या रेषा. मी गेलो, तालमीपर्यंत फेरी मारून आलो. पुन्हा पेपर हातात घेतला. पुन्हा ठेवला.

शेवटी मी पेंटर लोक करतात तेच केलं. ज्याचं काय करायचं ते ठरत नाही त्यावर कागद चिकटवायचा. तळहाताएवढ्या जागेवर कागद-टेप लावून मी बाकीची सगळी जीप निळी केली. माझ्या मनात असं की दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवावेत. मुलाचा आणि आईचा. मला ते फार चांगलं वाटलं. सुखदेवला विचारावं हे मात्र सुचलं नाही.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी रेघ पुरी होत आली होती. कागदाच्या दोन्ही बाजूंना वीतभर चिकट तेवढं ओढून ठेवलेलं, ‘टक्’ व्हायच्या बेतात. सुखदेव आईला घेऊन आला. हौसाबाई लहानखुरी, वाळकी, पांढरं स्वच्छ लुगडं. ती गाडीकडं बघत दारातच उभी राहिली. सुखदेव मात्र सरळ बॉनेटकडं गेला.

‘‘ह्यो कागद कशाचा?’’

मी सांगितलं. मोठ्या उत्साहात सांगितलं. त्याचा चेहरा बदलत गेला.

‘‘पेंटर, निळ्या गाडीवर पांढरा डाग ठेवताय? सगळं घासा म्हनलो न्हवतो?’’

‘‘अरे, पण तुझाच अंगठा आहे तो...’’

‘‘माझा हाय, पर त्येंच्या गाडीवरचा हाय. ह्यी गाडी माझी हाय.’’

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. गोणपाट बाजूला करून विजय पाटील आत आला आणि त्याच्यामागं पाटलीणकाकी. जीप रंगवायला टाकल्याचं गावात त्यांना कळलं होतं. पडदा उचलला तसा वारा आत शिरला. पान अजून गड्डीतच होतं म्हणून बरं.

काकींच्या हातात पिशवी. त्या सुखदेवला म्हणाल्या, ‘‘बाबा, गाडी तुजी, रंग तुजा, कायबी कर. माजं येवढंच मागणं हाय. ह्येंचा अंगठा तेवढा घासू नगोस. त्यांच्यामागं माज्याकडं तेवढंच हाय हाताचं. दसऱ्याला येऊन कुकू लावून जाईन, दुसरं काय न्हाय.’’

सुखदेवनं माझ्याकडं बघितलं. मी चिकटाकडं बघितलं. हवा तापत चालली होती, वेळ निघून चालली होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, तालमीपर्यंत, कुठंही.

हौसाबाई दारातून म्हणाली, ‘‘सांग की रं. का भ्यायलास?’’

‘‘काकी,’’ सुखदेव म्हणाला, ‘‘त्यो अंगठा माझा हाय.’’

‘‘काय?’’ विजय एकदम पुढं आला. ‘‘सुखदेव, डोकं ठिकाणावर हाय का? आमचा बाप मेला म्हणून कायबी बोलशील व्हय?’’

काकींनी हात वर करून मुलाला गप्प केलं. मग माझ्याकडं वळल्या. ‘‘पेंटर, तुमी हुता. खरं हाय हे?’’

‘‘व्हय,’’ मी म्हटलं. ‘‘आप्पांनीच लावायला सांगितला. माझ्यासमोर. हात तुझा असणार गाडीवर, म्हणाले.’’

काकी जवळ गेल्या. स्वतःच्या नखानं त्यांनी टेप उचकटला, कागद बाजूला केला. सोनं दिसलं. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज बारीक झाला.

‘‘मग मला का न्हाय सांगितलं त्यांनी? दर दसऱ्याला माज्या मागं उभं ऱ्हायचं. म्या हात जोडायचो, आन् ह्यो मानूस गप.’’

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच पुरुषी बोलतात, वाचकांनी चुकीचं समजू नये.

‘‘आप्पा हितं कोल्लापुरात बोललं, काकी,’’ सुखदेव म्हणाला. ‘‘गावात न्हाय बोललं. मी बी न्हाय बोललो.’’

विजय मोटारीची किल्ली हातात फिरवत होता. काकींनी पिशवीत हात घालून करंडा काढला, चिमूट कुंकवात बुडवली आणि अंगठ्याकडं नेली. कळून-सवरून, सगळ्यांसमोर. सुटलो एकदाचे असं वाटलं.

‘‘काकी,’’ सुखदेव हळूच म्हणाला. ‘‘नगो. आमी गाडीला कुकू लावत न्हाय.’’

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. त्या क्षणी मला सुखदेवचा राग आला. एवढी मोठी बाई एवढं करतेय, घ्यावं की चालवून! आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्यानं आणखी किती दसरे चालवून घ्यायचं होतं? पण हे आज. तेव्हा रागच आला.

काकींनी चिमूट परत करंड्यात सोडली. बोटं पदराला पुसली. मग मोकळ्या बोटानं त्या अंगठ्याला एकदा शिवल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘घासा.’’

मी सुखदेवकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

मी पेपर पाण्यात बुडवला आणि घासलं. सोनं जाताना दिसतसुद्धा नाही. पाणी आधी पिवळट झालं, मग साईच्या रंगाचं, मग राखाडी पत्रा वर आला. मी घासत असताना सुखदेव पाठमोरा उभा होता.

तोवर कडेचं चिकट मेलं होतं. सगळं पुन्हा करायचं होतं. प्रायमर, निळा रंग, तो वाळायचा, मग चिकट, मग वाट. मी तसं सांगितलं. वाटलं, आता पाटील मंडळी जातील. विजय म्हणाला, ‘‘आई, चल.’’

‘‘बसू दे मला,’’ काकी म्हणाल्या आणि शेडमधल्या एकुलत्या एका बाकावर बसल्या. हौसाबाई खाली जमिनीवर बसायला लागली, सवयीनं. ‘‘आई, वर बस,’’ सुखदेव कडक आवाजात म्हणाला. ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे एक माणूस मावेल एवढी जागा.

एप्रिलचं ऊन, पत्र्याची शेड, पडदे खाली, पंखा नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब वाट बघणं. एरवीसारखं फेऱ्या मारायला बाहेर जावं तर त्या दिवशी रंगही ताजा, पडदा उचलला की धूळ त्यावर बसणार. मी आतल्या आत येरझाऱ्या घालत राहिलो. बोट टेकवायचो, अजून नाही. एकदा काकी म्हणाल्या, ‘‘हौसा, तुजा गुडघा कसा हाय?’’ हौसाबाई म्हणाली, ‘‘हाय तसाच.’’ एवढंच बोलणं.

मग ‘टक्’ झालं.

मी दोन्ही टोकं जोडत सोनं लावलं, मधे अंगठ्याएवढ्या जागेवर शेवटचं पान ठेवलं. ‘‘आज्जी, या. श्वास धरा. जोरात दाबा, घासू नका.’’

हौसाबाईनं अंगठा दाबला. डोळे घट्ट मिटून दाबला. उचलला, वाकून बघितलं. डोळ्यांना फार दिसत नसावं.

‘‘उमटला का?’’ तिनं मला विचारलं.

मी दिवा तिरका धरून बघितलं. काहीच उमटलं नव्हतं. उसाचा पाला, खुरपं, भांगलण, आयुष्यभराची माती, तिच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. सोनं गुळगुळीत बसलं होतं, आरशासारखं. खोटं बोलवेना आणि खरंही. सुखदेव माझ्या तोंडाकडं बघत होता, त्याला कळलं. मी घाईघाईनं वॉर्निशचा डबा उघडला आणि म्हटलं, ‘‘आज्जी, उद्यापर्यंत ह्याला कुणाचा हात लागू देऊ नका.’’

ती जाताना दोनदा वळून बघत होती. मी उत्तर दिलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

त्या रात्री मला झोप नाही. वॉर्निश ओलं, रस्ता धुळीचा, मिरवणूक, गर्दी. आणि ते ‘उमटला का?’ दुसऱ्या दिवशी मी पहिली एसटी धरून त्यांच्या गावाला गेलो. गिऱ्हाइकाच्या मागं मी कधी गेलो नव्हतो.

मिरवणूक निघाली तेव्हा जीप सगळ्यात पुढं. तसबिरीला फुलांचे हार, मागं निळे झेंडे, बायका पांढऱ्या साड्यांत, हलगी कडाडत होती. सुखदेव गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं चालवत होता. आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला हौसाबाई. तिनं पदराचं टोक दोन्ही हातांत ताणून धरलं होतं, सांध्यावर, न टेकवता. मी हात लावू देऊ नका म्हटलं होतं ना. गाडीबरोबर ती दुखरा गुडघा ओढत चालली होती आणि धूळ पदरावर घेत होती. मी मागून म्हटलं, ‘‘आज्जी, आता वाळलंय, सोडा.’’ तिला हलगीत ऐकू आलं नाही.

मिरवणूक पाटलांच्या घरासमोर आली. दर वर्षी तिथं दार बंद असायचं, सुखदेवनं मला आधी सांगितलं होतं. त्या दिवशी काकी पायरीवर उभ्या होत्या. विजय दिसला नाही. त्यांनी हात केला, वडापला करतात तसा. सुखदेवनं गाडी थांबवली. हलगी थांबली. मला वाटलं, आता काय होतंय.

काकी रस्त्यावर उतरल्या. हातात करंडा नव्हता. हौसाबाईसमोर येऊन म्हणाल्या, ‘‘दाव बगू तुजा अंगठा.’’

हौसाबाईनं पदर बाजूला केला. ऊन थेट सोन्यावर पडलं. काकींनी कपाळाला आडवा हात धरला, खाली वाकल्या, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मी दोन पावलांवर उभा होतो. तिथं काय आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अंगठ्याची एक रेषा नव्हती तिथं.

‘‘उमटलाय की चांगला,’’ काकी म्हणाल्या.

हौसाबाई हसली. मग तिनं पदर पुन्हा ताणला आणि गाडी पुढं निघाली.